व्हय, मी म्हणते तसं कर

गुरुवारी सकाळी आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर हजेरी होते. माणसांची नाही, संगणकांच्या पोटातल्या तुकड्यांची. पडद्यावर नावांची रांग येते, एकजण ती मोठ्यानं वाचतो आणि बाकीची पोरं-पोरी त्या तुकड्यांच्या वतीनं "हजर!" म्हणून ओरडतात. खाली वर्तमानपत्र वाचत बसलेली म्हातारी मंडळी सुरुवातीला तक्रार घेऊन वर यायची. मग त्यातले दोघं "हजर" म्हणायलाच वर यायला लागले.

ही पद्धत अण्णांनी पाडली. आता ते लेकीकडे हैदराबादला राहतात, पण गुरुवार चुकवत नाहीत. फोन येतो, मी स्पीकरवर टाकते, आणि हजेरीत एखादं नाव गाळलं गेलं तर तिकडून आवाज येतो, "ए, तो फॉन्टवाला कुटं गेला? खाडा हाय का त्याचा?"

मी स्पष्टच लिहिते. माणसांची कौतुकं लिहायची मला सवय नाही. मी पत्रकं लिहिते. 'कुणासाठी?', 'आणखी किती दिवस?', 'आता बास!' असल्या मथळ्यांची. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह पाहिजे, रिक्षा थांब्यावर सावली पाहिजे, वाचनालयात मुलींना संध्याकाळीही बसू द्या. पत्रकात माणूस एकतर अन्याय करणारा असतो नाहीतर सोसणारा. अण्णा दोन्हीत बसत नव्हते, ही त्यांच्याविषयीची माझी पहिली तक्रार.

ते निवृत्त शिक्षक. शाळा छोटी, म्हणून गणितही त्यांचं, भाषाही त्यांची आणि गॅदरिंगची नाटकंही त्यांचीच. घरात तेलुगू, पेठेत मराठी, रागावले की दोन्ही. पांढरा शर्ट, खिशात लाल शाईचं पेन, खांद्यावर टॉवेल. तो टॉवेल त्यांचा नव्हता, संगणकाचा होता. आमच्या पेठेत घरोघरी माग चालतात आणि हवेत कापसाचे तंतू उडत असतात, म्हणून लॅबमधल्या प्रत्येक कीबोर्डवर एकेक टॉवेल पांघरलेला असायचा. उठवताना अण्णा तो झोपलेल्या पोराच्या अंगावरून काढावा तसा काढायचे.

नम्रपणा त्यांच्याकडे मुळात इन्स्टॉलच नव्हता. "ह्या सोलापुरात मशीनचं पोट माझ्याइतकं कुणाला कळत न्हाय," असं ते भाजीवाल्यालाही सांगायचे. भाजीवाला म्हणायचा, "बरं. मेथी किती देऊ?"

लॅबमधली मशीन म्हणजे कुणाकुणाच्या ऑफिसांनी टाकून दिलेली. त्यांच्यावर अण्णांनी लिनक्स नावाची फुकट मिळणारी यंत्रणा चढवली होती. ज्यांना हे काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण मला समजलं तेव्हा मलाही कुणीतरी थोडक्यात सांगायला हवं होतं. संगणक चालवणारी जी मूळ यंत्रणा, ती एक अखंड धोंडा नसते. तिचे शेकडो तुकडे असतात आणि एकेक तुकडा गठ्ठ्यात बांधून येतो. कुठला गठ्ठा आला, कुठला जुना झाला, कोण कुणाच्या आधारावर उभा आहे, हे सगळं एक प्रोग्रॅम सांभाळतो. त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. अण्णा त्याला 'कारभारी' म्हणायचे.

"खेळ, गाणी, टायपिंग, हे तर कुणीबी कारभाऱ्याकडनं मागवतंय," अण्णा सांगायचे. "पण घराचा पाया, खांब, आढं, तेबी कारभाऱ्याच्याच हातात ठेवायचं. आपण हात घालायचा न्हाय. आपण फक्त सांगायचं."

माझ्या पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं. मी पत्रक छापायला गेले होते आणि अण्णा नव्या मुलींना यंत्रणेची ओळख करून देत होते. ओळख अशी: सगळ्यांच्या वर एक सासरेबुवा. यंत्राशी बोलायचं ते फक्त यांनीच. दुसऱ्या सासूबाई. मशीन चालू झालं की सगळ्यांना उठवायचं, कामाला लावायचं, कोण दमून पडलं तर परत उभं करायचं, हे त्यांचं काम. आणि तिसरी थोरली सून. "हिचं नाव कुटं दिसणार न्हाय. पण पडद्यावर अक्षर काढायचं असू दे, फाइल उघडायची असू दे, जो तो हिलाच हाक मारतोय. ही घराबाहेर पडली तर घरात कुणाला पाणी प्यायलाबी येत न्हाय."

"हे उदाहरण प्रतिगामी आहे," मी दारातूनच म्हणाले.

अण्णांनी चष्मा खाली घेतला. "कोण गं तू?"

"पत्रक छापायला आलेय. आणि तुम्ही मुलींना शिकवताय की सुनेनं राबायचं आणि नाव सासऱ्याचं!"

"मी कुटं म्हणलं चांगलंय म्हणून? असं हाय, एवढंच सांगितलं. तुझं पत्रक दाखव."

मी दाखवलं. त्यांनी लाल पेन काढलं, 'स्वच्छतागृह' या शब्दात मी केलेली चूक दुरुस्त केली, खाली एक रेघ मारली आणि म्हणाले, "मागणी बरोबर हाय. आता छाप." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'पत्रकबाई' झाले. मी रोज जायला लागले, आधी भांडायला आणि मग शिकायला. हळूहळू त्यांनी मला सगळ्या मशीनचा मुख्य पासवर्डही दिला. "भांडणारं माणूस विसरत न्हाय," हे त्याचं कारण सांगितलं.

त्यांचा एकच नियम होता: दारातून. जे काही यायचं ते कारभाऱ्याच्या दारातून यायचं. लग्नाचे फोटो काढणारा एक तरुण एकदा पेनड्राइव्ह घेऊन आला. त्यात कुठूनसा उतरवलेला फोटो रंगवायचा प्रोग्रॅम होता. "अण्णा, फक्त डबल क्लिक करायचंय."

"कुटनं आणलास?"

"मित्राकडनं."

"मित्रानं?"

"त्याच्या मित्राकडनं."

"म्हंजे खिडकीतनं आलाय," अण्णा म्हणाले. "दारातनं आलेल्याचं नावगाव कारभाऱ्याला ठाऊक असतंय. खिडकीतनं आलेला रातच्याला काय करतोय, कुणाला ठाऊक? चल, ऊठ." त्या तरुणाला त्यांनी तसाच प्रोग्रॅम कारभाऱ्याकडून मागवून दिला. तो गठ्ठा येताना आपल्यासोबत आणखी बरेच गठ्ठे घेऊन आला. तरुण घाबरला. अण्णा खूश. "लग्नाला एकाला बोलावलं की सोयरे येतातच की! हा म्हणतोय मला तो पाहिजे, तो म्हणतोय मला ती पाहिजे. येऊ दे. कोण कुणाचं ते कारभारी लिवून ठेवतोय."

दुसरी सवय जुन्याची. नवे सासरेबुवा, म्हणजे त्या तुकड्याची नवी आवृत्ती, आले म्हणून जुन्यांना ते लगेच घालवायचे नाहीत. मशीन बंद करून चालू करायचं, नव्यांनी एकदा सगळं घर उघडून दाखवायचं, लाइट-पंखा नीट लागला, प्रिंटरनं ओळख दिली, मगच जुन्यांना निरोप. एकदा नवे सासरेबुवा आले आणि पडदा काळाच राहिला. मुली घाबरल्या. अण्णांनी शांतपणे जुन्यांना हाक मारली आणि मशीन उठलं. "नव्यांचा मूड न्हाय आज," एवढंच म्हणाले आणि त्या मशीनला गुरुवारच्या हजेरीत 'आजारी' असं लिहिलं.

हे सगळं त्यांना फक्त संगणकात जमायचं, हेही सांगितलं पाहिजे. घरी एकदा त्यांनी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. कुणालाच नको असलेल्या वस्तू काढायच्या, जशा मशीनमधून काढतात. एक जुना, काळा, वाकडा तवा त्यांना दिसला. नवा नॉनस्टिक तवा तर समोर टांगलेला. जुना भंगारवाल्याला गेला. दुसऱ्या दिवशी काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, भाकरी थापली आणि तवा शोधायला लागल्या.

"अहो, तवा?"

"काढला. त्याच्यावर कुणी अवलंबून नव्हतं."

काकूंनी थापलेली भाकरी परातीत तशीच ठेवली. "भाकरी होती! भाकरीवर तुम्ही होता! परत इन्स्टॉल करा!"

भर उन्हात अण्णा भंगारवाल्याला शोधत हिंडले. तवा मिळाला. हा किस्सा ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे, आणि सांगून झाला की बोट उगारायचे: "डोळ्यानं बघून काढायचं न्हाय. कारभाऱ्याला विचारून काढायचं. माझ्या घरात काकू कारभारी हाय, मी विचारलं न्हाय, म्हणून हिंडलो."

काकू दुपारी वर लॅबमध्ये डबा घेऊन यायच्या. कडक भाकरी आणि शेंगा चटणी, जो असेल त्याला. त्यांची तेलुगू आणि पोरांची मराठी यांत रोज एक गोंधळ ठरलेला. अण्णा जेवायचं सोडून मशीनशी खेळत बसले की काकू ओरडायच्या, "चालु!" तेलुगूत चालु म्हणजे पुरे. मराठी घरातली पोरं बिचारी उठून बंद असलेली मशीनसुद्धा चालू करायची. काकू आणखी ओरडायच्या, पोरं आणखी चालू करायची. अण्णा या भांडणात कधीच दुभाषा व्हायचे नाहीत. भाकरी मोडत मजा बघायचे.

आता त्या वाक्याकडे येते.

घराचा खांब काढायला निघालात तर कारभारी सहजासहजी काढत नाही. तो थांबतो, काय काय कोसळेल ते दाखवतो आणि एक अख्खं वाक्य टाइप करायला लावतो. नुसतं हो किंवा नाही चालत नाही. वाक्य अक्षर न अक्षर तसंच आलं तरच तो पुढे जातो. मुळात ते इंग्रजीत असतं. अण्णांनी आमच्या लॅबपुरता त्याचा मराठी अवतार केला होता, आणि तोही पुस्तकी नाही. "आग लागल्यावर कोण 'कृपया' म्हणतंय का? धोक्याला पेठेची भाषा पायजे." म्हणून आमचा कारभारी असं बोलायचा:

हे काढलं तर घर पडंल. तरी काढायचंच असंल तर लिव: व्हय, मी म्हणतो तसं कर

त्या आठवड्यात वाचनालयाच्या समितीचं लॅबकडे लक्ष वळलं होतं. अध्यक्षांचा टॉवेलचा कारखाना, पेठेत मान मोठा. त्यांचं म्हणणं, वरची खोली एका खाजगी क्लासला द्यावी. ही मशीन जुनी, त्यात फुकटचं काहीतरी घातलेलं, कुणीही पोर बसून बिघडवेल. रविवारी समिती येऊन बघणार आणि ठरवणार होती. अण्णा वरून हसत होते, पण त्या आठवड्यात त्यांनी टॉवेल दोनदा धुतले. खोली गेली तर त्यांचं काय, हा प्रश्न नव्हताच. लॅबमध्ये रोज येणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींच्या घरी संगणक नव्हता आणि दुसरीकडे कुठे बसायला घरचे पाठवणार नव्हते. अण्णा होते म्हणून पाठवायचे.

शुक्रवारी दुपारी मी खिडकीजवळच्या मशीनवर 'लॅब कुणाच्या बापाची?' हे पत्रक लिहीत होते. जतन करायला गेले तर डिस्क भरलेली. अण्णा खाली चहाला गेले होते. म्हटलं, आपणच जागा करू. मशीनमधल्या गठ्ठ्यांची यादी उघडली. त्यात इंग्रजी अक्षरांचा एक तुटक पुंजका, पुढे आकडा. कसलं नाव, कसलं काम, काहीच कळेना. मी तो मागवला नव्हता. कुणी मागवल्याचं ऐकलं नव्हतं. कारभाऱ्याला सांगितलं, काढ.

पडद्यावर नावं धावायला लागली. मग धमकी आली. घर पडंल म्हणे. मी आजवर जिथे जिथे मागणी घेऊन गेलेय तिथे मला हेच सांगितलंय: असं केलं तर घरं मोडतील, समाज मोडेल. धमकीची पाटी दिसली की माझा हात उलट सरसावतो. मी ठणकावून टाइप केलं.

व्हय, मी म्हणते तसं कर

कारभारी म्हणाला: ऱ्हायलं. कायबी काढलं न्हाय.

परत टाइप केलं. परत तेच. काळ्या पडद्यावर काने-मात्रे जरा अंतर राखूनच बसतात, म्हणून एकेक अक्षर बोट लावून तपासलं. तेव्हा दिसलं. त्याला 'म्हणतो' पाहिजे होतं.

मी काय म्हणून 'म्हणतो' लिहू? जन्मात कधी लिहिलं नाही. मी जिन्यातूनच ओरडले, "अण्णा! तुमच्या मशीनला बाईचा होकार चालत नाही!"

अण्णा चहाचा ग्लास घेऊनच वर आले. पडदा बघितला. ग्लास टेबलावर ठेवला, तोही कीबोर्डपासून लांब. आणि मग खुर्चीत बसून असे हसले की खालची म्हातारी मंडळी वर आली.

"काय काढत होतीस, ठाऊक हाय का?"

"कुणालाच नको असलेलं काहीतरी."

"थोरली सून!" अण्णांनी डोळे पुसले. "जिच्यासाठी तू माझ्याशी भांडलीस, तिलाच घराबाहेर काढत होतीस की गं! नाव कुटं दिसत न्हाय म्हणून!"

मुद्दा सोडायचा नाही, हे मी शिकलेय. "ते असू दे. वाक्याचं बोला. म्हणजे तुम्ही धरूनच चाललात ना, की या खुर्चीत फक्त पुरुष बसणार?"

अण्णांचं हसू थांबलं. "धरून न्हाय चाललो," ते म्हणाले. "मी लिवलं, म्हणून माझ्या तोंडचं लिवलं."

"तेच तर म्हणतेय."

"पण बघ, त्यामुळंच वाचलं की! तू 'म्हणतो' लिवलं असतंस तर रविवारी समितीला काळा पडदा दाखवत बसलो असतो."

"मला नको असली राखण! बायकांनाही चुकायचा समान हक्क पाहिजे!"

म्हाताऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "हे मातूर खरं हाय हां, मास्तर."

मी घरी जाऊन पत्रक काढलं. 'आमच्या मशीनला बाईचा होकार चालत नाही!' आणि खाली 'चुकायचा समान हक्क मिळालाच पाहिजे.' वाचनालयाच्या दारावर चिकटवलं. घडलेलं सगळं सविस्तर लिहिलं होतं, कारण पत्रकात लपवाछपवी मला मान्य नाही. शनिवारी सकाळी अध्यक्षांनी ते उभ्यानं वाचलं आणि त्यांना जे हवं होतं ते आयतं मिळालं: एका मुलीनं अख्खं मशीन घालवलंच होतं. त्यांनी निरोप धाडला, रविवारी मी स्वतः मशीनवर बसून बघणार.

अण्णांना कळलं तेव्हा ते पत्रकातल्या 'मिळालाच'वर लाल खूण करत होते. "तुझी मागणी मान्य हाय," म्हणाले आणि कामाला बसले. मला वाटलं, वाक्यातलं एक अक्षर बदलायचं, त्याला कितीसा वेळ? पण हातानं बदललं तर ते अण्णा कसले. त्यांनी त्या बदललेल्या वाक्याचा रीतसर गठ्ठा बांधला, त्याला नवा आकडा दिला, कारभाऱ्याच्या ताब्यात दिला आणि मग प्रत्येक मशीनला तो दारातून घ्यायला लावला. काय बदललं ते बघायला मी वाकले तर पडद्यावर टॉवेल टाकला. "उद्या बघ."

रविवारी अध्यक्ष आले. सोबत समितीचे दोघं. मुली भिंतीला टेकून उभ्या. काकू डबा घेऊन. अण्णांनी स्वतः खुर्ची पुसून दिली.

"मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण खोली अशी वाऱ्यावर सोडता येत नाही. आज पोरगी आली, उद्या पोरगं येईल. कुणीही बसून काढून टाकणार."

"कुणीबी न्हाय काढू शकत," अण्णा म्हणाले.

"मी काढून दाखवतो. मग?"

"मग खोली तुमची."

मी अण्णांचा शर्ट ओढला. त्यांनी सोडवून घेतला, मुख्य पासवर्ड स्वतःच्या हातानं टाइप केला आणि कारभाऱ्याला सांगायचं ते सांगून थोरल्या सुनेपर्यंत आणून ठेवलं. एका वाक्याचं अंतर. वाक्य पडद्यावर लिहिलेलं असतं, बघून उतरवायचं, बास. आमची लॅब त्या एका ओळीवर टांगलेली होती.

नावं धावली. "बघा, किती जातंय!" अध्यक्ष खुशीत म्हणाले. धमकी आली. त्यांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत टाइप केलं. मी मान वाकडी करून वाचलं: व्हय, मी म्हणतो तसं कर.

ऱ्हायलं. कायबी काढलं न्हाय.

"एखादं अक्षर चुकलं असेल." परत टाइप केलं. परत तेच. तिसऱ्यांदा सोबतच्या दोघांपैकी एक सदस्य पुढे वाकले.

"अध्यक्ष, तितं 'म्हणते' लिवलंय."

"काय?"

"'मी म्हणते.' ते म्हणते पायजे त्याला."

तेव्हा मी पडदा नीट बघितला. दोन्ही चालतील असं वाक्य अण्णांनी केलंच नव्हतं. 'म्हणतो' काढून नुसतं 'म्हणते' ठेवलं होतं.

"मी म्हणते?" अध्यक्ष अण्णांकडे वळले. "मी?"

"एकदाच म्हणायचंय की," अण्णा म्हणाले. "कोण ऐकतंय."

भिंतीपाशी कुणीतरी खुदकन हसलं. अध्यक्षांनी बोट उचललं. व्हय, झालं. मी, झालं. म्हण, झालं. 'त'वर बोट थांबलं. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मुलींकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. काकूंनी भाकरीचं ताट पुढे केलं. अध्यक्षांचं बोट हवेत, सगळे त्या बोटाकडे बघतायत, शेजारच्या घरातला मागही नेमका तेव्हाच थांबला.

अध्यक्ष उठले. "असलं टाइप करायला मी काही रिकामा नाही," म्हणाले आणि ताट घेतलं. दोन घास झाल्यावर त्यांनाच काहीतरी बोलणं भाग होतं. "तसं सुरक्षित आहे म्हणायचं. कुणी सहजी काढू शकत नाही." काकू त्यांना आणखी चटणी वाढत होत्या. अध्यक्षांनी ताटावर हात आडवा धरला आणि, काकूंची भाषा त्यांनाही येते, म्हणाले, "चालु, चालु."

भिंतीपाशी उभ्या असलेल्या मराठी घरातल्या मुलींनी धावत जाऊन सगळी मशीन चालू केली. समितीचे दुसरे सदस्य म्हणाले, "ठरलं तर मग, चालू." आणि वहीत तसंच लिहिलं. अध्यक्षांनी तोंड उघडलं, पण तोंडात भाकरी होती, आणि कडक भाकरी लवकर गिळत नाही.

ते गेल्यावर मी अण्णांना धरलं. "त्यांनी एक 'ते' टाइप केलं असतं तर?"

"न्हाय करणार."

"पण केलं असतं तर? खोली गेली असती!"

अण्णांनी खिडकीजवळच्या कीबोर्डवर टॉवेल पांघरला. "माझा विद्यार्थी हाय तो. सातवीत हुता तेव्हा गॅदरिंगच्या नाटकात मावशीचं काम दिलं हुतं. लुगडं नेसवलं, कुंकू लावलं. एकच वाक्य: 'मी येते.' पडदा उघडला. सगळी शाळा बघतीय. हा 'मी' म्हणला. लई वेळ नुसतं 'मी'. आणि मग गेला."

"कुठे गेला?"

"खिडकीतनं," अण्णा म्हणाले. "लुगड्यासकट. खिडकीतनं गेलेलं माणूस मी विसरत न्हाय."

मी हसले, हे कबूल. पण हसून झाल्यावर मुद्दा परत घेतला. "म्हणजे वाक्य तुम्ही माझ्या मागणीसाठी बदललं नाहीत. त्यांच्यासाठी बदललंत. माझी मागणी 'म्हणते'च ठेवा अशी नव्हती. दोन्ही चालू दे अशी होती. आता पुरुषांवर अन्याय झाला."

"बघा!" अण्णा काकूंना म्हणाले. "जिंकली तरी भांडतीय."

सोमवारी गेले तर ते आणखी एक गठ्ठा बांधून बसले होते, आणखी पुढचा आकडा देऊन. सगळ्या मशीननी तो दारातून घेतला. अण्णांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, कीबोर्डवरचा टॉवेल काढला, आणि शिक्षक बक्षीस देताना करतात तसा चेहरा केला.

"घे, पत्रकबाई. आता 'म्हणतो' बी चालतंय, 'म्हणते' बी चालतंय. आजपासनं तुला चुकायचा समान हक्क हाय." मग माझ्या हातांकडे बघून जरा पुढे सरकले. "लगेच वापरू नको."